ग्रे कपचा अंतिम सामना: ऑफेन्स भारी की डिफेन्स, हे कसं तोलायचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रे कप कशाचा, आणि अंतिम सामन्यात कोण पोहोचतं?

कॅनेडियन फुटबॉल लीगच्या, म्हणजे सीएफएलच्या, विजेत्याला हा चषक मिळतो. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी तो दिला आणि पहिला सामना १९०९ मध्ये झाला. लीगमध्ये नऊच संघ आहेत. पश्चिम विभागात बीसी, एडमंटन, कॅल्गरी, सस्कॅचवान आणि विनिपेग. पूर्व विभागात हॅमिल्टन, टोरंटो, ओटावा आणि माँट्रियल. प्रत्येकाचे १८ साखळी सामने होतात, मग बाद फेरी आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी पूर्वेचा विजेता विरुद्ध पश्चिमेचा विजेता.

एका विभागातला चौथा संघ दुसऱ्या विभागातल्या तिसऱ्यापेक्षा गुणांत पुढे असेल, तर त्या तिसऱ्याची जागा त्याला मिळते. २०२५ पर्यंत या वाटेने आलेला एकही संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला नाही.

एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली फुटबॉल लीग, बघायची सवय आहे. सीएफएलमधलं काय आधी डोक्यात बसवावं?

मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. प्रत्येक बाजूला १२ खेळाडू. दहा यार्ड पुढे जायला चारऐवजी तीनच डाऊन, म्हणजे प्रयत्न. डिफेन्सच्या (बचाव करणाऱ्या संघाच्या) पहिल्या फळीला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. चेंडू सुटण्याआधी रिसीव्हर (पास झेलणारे) रेषेकडे धावत येऊ शकतात, आणि एकाच वेळी कितीही जण. गोलचे खांब गोलरेषेवरच असतात, एंड झोनच्या (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्याच्या) मागे नाहीत. पंट (लाथेने दूर मारून समोरच्याला दिलेला चेंडू) झेलणाऱ्याला हात वर करून ‘मी धावणार नाही’ असं सांगायची सोय नाही. चेंडू हातात येईपर्यंत समोरच्यांनी त्याच्यापासून पाच यार्ड लांब राहायचं, एवढंच त्याला संरक्षण.

यातलं अंदाज बांधताना सगळ्यात जास्त विसरलं जातं ते तीन डाऊनचं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

दोन्ही संघांची तुलना करताना पहिला आकडा कोणता काढायचा?

दुसऱ्या डाऊनचा. बाकी सगळं त्यानंतर.

कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’ होते. इथे नेमकं उलटं आहे: तिसरा डाऊन बहुतेक वेळा खेळलाच जात नाही, पंट मारून चेंडू समोरच्याला दिला जातो. म्हणजे ऑफेन्सच्या (चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या) हातात खऱ्या अर्थाने दोनच खेळ. पहिल्यावर काय मिळालं त्यावर दुसऱ्याचं भवितव्य ठरतं आणि दुसऱ्यावर सगळ्या चालीचं, म्हणजे चेंडू हाती असेपर्यंतच्या सगळ्या खेळांचं.

दुसऱ्या डाऊनची सरसकट टक्केवारी घेऊ नका. तीन गट करा: १ ते ३ यार्ड हवे असताना, ४ ते ६ असताना, आणि ७ किंवा जास्त असताना. पहिल्या गटात धाव आणि पास दोन्ही शक्य असतात, त्यामुळे डिफेन्सला थांबावं लागतं. तिसऱ्या गटात पास येणार हे स्टेडियममधल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. तिथे पास रश करणारे, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारे, कान टवकारून धावतात आणि सॅक (क्वार्टरबॅकला पास सुटण्याआधीच पाडणं) आणि इंटरसेप्शन (पास समोरच्याने पकडणं) याच गटात साठतात.

मग दोन प्रश्न विचारा. या ऑफेन्सला पहिल्या डाऊनवर पाच यार्ड किती वेळा मिळतात? आणि या डिफेन्सने समोरच्याला दुसऱ्या डाऊनवर सात किंवा जास्त यार्डांच्या खड्ड्यात किती वेळा ढकललंय? एक चांगला ऑफेन्स पहिल्या डाऊनवर पाच यार्ड काढण्यात पटाईत असेल आणि समोरचा डिफेन्स नेमका पहिल्याच डाऊनवर कडक असेल, तर सामन्याचा गाभा तिथे आहे. क्वार्टरबॅकचं नाव नंतर.

हे आकडे कुठून आणि किती सामन्यांचे घ्यायचे?

लीगच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा खेळागणिक तपशील असतो. शेवटचे सहा अर्थपूर्ण सामने घ्या, त्यात बाद फेरीचे धरा. ‘अर्थपूर्ण’ हा शब्द मुद्दाम वापरलाय: विभागात पहिला क्रमांक पक्का झालेले संघ शेवटच्या एक-दोन सामन्यांत मुख्य खेळाडूंना बसवतात. २०२१ मध्ये विनिपेग ११–१ वर (११ विजय, १ पराभव) होता, मग शेवटचे दोन्ही सामने हरला आणि तरीही ग्रे कप जिंकला. ते दोन सामने जो हिशेबात धरेल त्याचं गणित तिथेच बिघडेल.

एका संघाच्या वाट्याला एका सामन्यात साधारण वीसेक दुसरे डाऊन येतात. सहा सामन्यांत सव्वाशेच्या आसपास. त्यांचे तीन गट केले की प्रत्येकात तीस ते पन्नास उरतात. इतक्या लहान संख्येत तीन टक्क्यांचा फरक म्हणजे एखाद-दुसरा खेळ. दहा टक्क्यांखालच्या फरकावरून ‘वरचढ’ म्हणू नका. चौथ्या क्वार्टरमध्ये २० पेक्षा जास्त गुणांची आघाडी असतानाचे खेळही गाळा. तिथे डिफेन्स मुद्दाम छोटे पास देत असतो.

एकूण यार्ड का बघायचे नाहीत?

कारण या लीगमध्ये यार्ड स्वस्त आहेत. मैदान मोठं, डाऊन कमी, चेंडू सारखा हस्तांतरित होतो. स्वतःच्या १५ व्या यार्डावरून सुरुवात करून ५० यार्ड काढणारा संघ पंट मारतो, आणि समोरच्याच्या ४५ व्या यार्डावरून सुरुवात करणारा १० यार्डांत फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) खिशात घालतो. एकूण यार्डांऐवजी प्रति खेळ यार्ड, सुरुवातीची सरासरी जागा आणि दोन खेळांतच पंट माराव्या लागलेल्या चालींची संख्या बघा.

डिफेन्सची मांडणी टीव्हीवर कशी ओळखायची?

नेहमीची मांडणी चार, तीन, पाच: रेषेवर चार, मधल्या फळीत तीन लाइनबॅकर आणि मागे पाच. त्या पाचांत दोन कॉर्नर, दोन हाफबॅक आणि मधोमध एक सेफ्टी. ऑफेन्समध्ये पाच लाइनमन, क्वार्टरबॅक, चेंडू घेऊन धावणारा एक रनिंग बॅक आणि पाच रिसीव्हर.

आता मैदानाची रुंदी लक्षात घ्या. हॅशच्या दोन खुणा (खेळ सुरू करताना चेंडू ज्यांच्या दरम्यान ठेवतात) २०२२ पासून एकमेकींपासून नऊ यार्डांवर आहेत, म्हणजे चेंडू एका खुणेवर असेल तर एका बाजूला २८ यार्ड आणि दुसऱ्या बाजूला ३७ यार्ड मोकळे. रुंद बाजूला बहुधा तीन रिसीव्हर उभे करतात. तिथे त्यांच्यासमोर कॉर्नर, हाफबॅक आणि ‘सॅम’ लाइनबॅकर. हा सॅम नावाला लाइनबॅकर, पण काम निम्मं डिफेन्सिव्ह बॅकचं: धाव आली तर भिडायचं आणि धावत येणाऱ्या स्लॉट (आतल्या बाजूच्या) रिसीव्हरच्या मागेही पळायचं. कोणत्याही सामन्याच्या तयारीत या एका माणसावर दहा मिनिटं घाला. तो आडदांड असेल तर ऑफेन्स त्याच्या बाजूला पास टाकेल. चपळ पण हलका असेल तर त्याच बाजूने धाव काढेल.

रिसीव्हर पूर्ण वेगात रेषेपर्यंत येतो तेव्हा समोरचा डिफेन्सिव्ह बॅक जागच्या जागी उभा असतो. म्हणून तो सात-आठ यार्ड मागे सरकलेला दिसतो. त्याला घाबरट म्हणू नका, नियमच तसा आहे. त्या मोकळ्या जागेत पटकन चेंडू सोडणारा क्वार्टरबॅक पास रशची धार बोथट करतो. २०२५ च्या अंतिम सामन्यात सस्कॅचवानच्या ट्रेव्हर हॅरिसने २७ पैकी २३ पास पूर्ण करून ३०२ यार्ड मिळवले. सस्कॅचवान २५–१७ ने जिंकला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. अशा क्वार्टरबॅकसमोर ‘आमच्याकडे इतके सॅक आहेत’ हे सांगण्यात फार अर्थ नसतो. चेंडू अडीच सेकंदांच्या आत हातातून सुटत असेल, तर सॅकपेक्षा पाससाठी वर आलेले हात आणि पकडल्याबरोबर होणारा टॅकल जास्त कामाचा.

धावत येण्याच्या सवलतीची उलट बाजूही आहे. चेंडू सुटण्याआधी पाय रेषेपलीकडे गेला की पाच यार्ड दंड. गोंगाटात, थंडीत, वेगळ्या लयीत खेळणाऱ्या राखीव क्वार्टरबॅकबरोबर हे हमखास होतं, आणि दुसऱ्या डाऊनचे पाच यार्ड बघता बघता दहा होतात.

नोव्हेंबरात धावणारा संघच जिंकतो, हे खरं का?

अर्धवट खरं. थंडीत चेंडू कडक होतो, बोटं बधिर होतात, वारा लांब पास वळवतो; त्यामुळे पहिल्या डाऊनवर धावून सहा यार्ड काढणारा संघ आपोआप दुसऱ्या डाऊनच्या सोप्या गटात येतो. २०१९ मध्ये विनिपेगच्या अँड्र्यू हॅरिसने हेच केलं: १३४ यार्ड धावून काढले, शिवाय सामन्याचा सर्वोत्तम आणि सर्वोत्तम कॅनेडियन असे दोन्ही सन्मान घेतले. समोर साखळीत १५–३ असलेला हॅमिल्टन होता. निकाल ३३–१२.

पण २०२३ मध्ये साखळीत सर्वाधिक यार्ड धावणारा ब्रेडी ऑलिव्हेरा विनिपेगकडेच होता आणि सामना माँट्रियलने जिंकला. शिवाय छताखालच्या स्टेडियममध्ये, उदाहरणार्थ व्हँकूव्हरच्या बीसी प्लेसमध्ये, हवामानाचा मुद्दाच निकालात निघतो.

२०२३ चा अंदाज बहुतेकांचा का चुकला?

कागदावर विनिपेग: १४–४, माँट्रियल ११–७, आणि त्या हंगामातले दोन्ही आपसातले सामने विनिपेगने जिंकलेले. शिवाय विनिपेगला मोठ्या सामन्यांचा सराव.

दुर्लक्ष झालं ते हंगामाच्या उत्तरार्धातल्या माँट्रियलच्या डिफेन्सकडे. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत त्यांनी १६–२ असलेल्या टोरंटोला ३८–१७ ने घरी बसवलं. टोरंटोचा क्वार्टरबॅक चॅड केलीला चार इंटरसेप्शन झाले; त्यातलं एक घेऊन माँट्रियलचा मार्क-अँटवान डेक्वा थेट समोरच्या टोकापर्यंत धावला. उन्हाळ्यातले निकाल धरून बसणाऱ्यांनी त्या संघाचा अंदाज बांधला जो आता अस्तित्वातच नव्हता.

अंतिम सामन्यात मध्यंतराला विनिपेग १७–७ ने पुढे होता. शेवटच्या चालीला माँट्रियल २४–२१ ने मागे. तिसरा डाऊन, पाच यार्ड हवेत, पंट मारून उपयोग नाही. क्वार्टरबॅक कोडी फहार्डोने कोल स्पीकरला पास दिला आणि ३१ यार्ड मिळाले. त्यानंतर १३ सेकंद उरलेले असताना टायसन फिलपॉटला १९ यार्डांचा टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं). २८–२४. फहार्डोचे २६ पैकी २१ पास पूर्ण, २९० यार्ड, तीन टचडाऊन. डिफेन्सने आणलेला संघ शेवटी ऑफेन्सच्या चालीवर जिंकला, ही गंमत वेगळीच.

आपसातल्या जुन्या सामन्यांना आम्ही म्हणूनच फार वजन देत नाही. चित्रफितींसाठी ते उपयोगी: कोणत्या मांडणीला कोणतं उत्तर दिलं ते कळतं. निकाल बाजूला ठेवा.

टर्नओव्हरचा, म्हणजे चेंडू गमावण्याचा, अंदाज बांधता येतो का?

आकडा सांगता येत नाही, धोका सांगता येतो. खाली पडलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल हे बरंचसं नशीब. साखळीत ज्याने पडलेले बहुतेक चेंडू उचलले, त्याची ती लय टिकेलच असं नाही. इंटरसेप्शनमागे मात्र कारणं असतात: दुसऱ्या डाऊनवर जास्त यार्ड, क्वार्टरबॅकवरचा दबाव, दुखरा हात किंवा पाय.

२०२५ मध्ये माँट्रियलचा क्वार्टरबॅक डेव्हिस अलेक्झांडर सुरुवातीपासून खेळलेला एकही सामना न हरता अंतिम फेरीत आला होता, पण मांडीमागचा स्नायू दुखावलेला. तीन इंटरसेप्शन झाले. २०२४ मध्ये विनिपेगचा क्वार्टरबॅक झॅक कोलारोसच्या बोटाला सामन्यातच इजा झाली. पट्टी बांधून तो परतला, पण चेंडूवरची पकड गेली ती गेलीच. टोरंटोने ४१–२४ ने सामना नेला.

दुखापतींची यादी कशी वाचायची?

संघ सरावाचा अहवाल देतात: पूर्ण सहभाग, मर्यादित सहभाग, सहभाग नाही. एका दिवसाच्या गैरहजेरीवर उड्या मारू नका. अनुभवी खेळाडूंना विश्रांती म्हणूनही सोडतात. सामन्याआधीच्या शेवटच्या मोठ्या सरावात जो मर्यादितच राहिला, त्याची खरी काळजी करा.

राखीव क्वार्टरबॅक आला म्हणजे संपलं, असंही नाही. २०२४ मध्ये टोरंटोच्या केलीचा पाय मोडल्यावर निक आरबकल उभा राहिला आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

इथे एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सुरुवातीच्या २४ जागांपैकी किमान सात कॅनेडियन खेळाडूंच्या असाव्या लागतात. त्या जागा संघ बहुधा ऑफेन्सिव्ह लाइनच्या मधल्या भागात, सेफ्टीला आणि एखाद्या रिसीव्हरला देतात. समजा त्या लाइनमधला डावा गार्ड कॅनेडियन आहे आणि तो जखमी झाला. त्याच्या तोडीचा अमेरिकन बाकावर असूनही प्रशिक्षक त्याला सहज उतरवू शकत नाही. उतरवायचं तर दुसऱ्या कुठल्या तरी जागी अमेरिकन काढून कॅनेडियन आणावा लागतो. म्हणून गार्डच्या गुडघ्याची किंमत कधी कधी रिसीव्हरच्या जागेवर मोजावी लागते. यादीत फक्त कोण बाहेर आहे ते बघू नका. त्याच्यामुळे आणखी कोणाची जागा हलली ते बघा.

तिसरा डाऊन आणि एक यार्ड असेल तर?

डिफेन्स एक यार्ड मागे उभा असल्यामुळे चेंडू घेऊन सरळ पुढे घुसणं जवळजवळ हुकमी असतं. त्यासाठी बहुतेक संघ एक दणकट राखीव क्वार्टरबॅक खास ठेवतात. पण ‘जवळजवळ’ विसरू नका. २०२५ मध्ये शेवटच्या काही मिनिटांत माँट्रियल सस्कॅचवानच्या गोलरेषेच्या तोंडाशी होता, याच कामासाठी शे पॅटरसन आत आला आणि चेंडू निसटला. खेळाडू बदलताना सेंटर (चेंडू मागे देणारा) आणि क्वार्टरबॅकची चेंडू देण्याघेण्याची सवय बदलते, हात ओले किंवा गार असतात, आणि समोरून सात-आठ जण एकाच फटीत शिरतात.

किकिंगला ऑफेन्स–डिफेन्सच्या चर्चेत जागा आहे का?

भरपूर. संघ दर क्वार्टरनंतर बाजू बदलतात, त्यामुळे चौथ्या क्वार्टरमध्ये वारा कोणाच्या पाठीशी असेल हे मध्यंतरालाच कळतं. २०२१ मध्ये हॅमिल्टनच्या उघड्या मैदानात वारा सुटला होता. १० विरुद्ध २२ असा मागे पडलेला विनिपेग चौथ्या क्वार्टरमध्ये वाऱ्याच्या साथीने परतला आणि जादा वेळेत ३३–२५ ने जिंकला. त्यांचा डिफेन्स लीगमधला सर्वोत्तम होता हे खरंच, पण तो डिफेन्स जागा राखत होता आणि वारा यार्ड देत होता.

२०२२ मध्ये विनिपेगच्या जनॅरियन ग्रँटने १०२ यार्ड धावून पंट थेट टचडाऊनला नेला. शेवटच्या मिनिटात विनिपेगचा ४७ यार्डांचा फील्ड गोल टोरंटोच्या रॉबी स्मिथने अडवला. २४–२३. ऑफेन्स-डिफेन्सचे तक्ते जुळवत बसलेल्यांकडे यातलं काहीच नव्हतं.

आणि २००९. शेवटच्या खेळावर माँट्रियलच्या डेमन डुव्हालचा ४३ यार्डांचा फील्ड गोल हुकला. सस्कॅचवानचा जल्लोष सुरू झाला, पण मैदानावर त्यांचे १३ जण होते. दहा यार्ड दंड, पुन्हा किक, या वेळी ३३ यार्डांवरून. २८–२७, माँट्रियल. फील्ड गोलच्या बचावफळीत बदली होताना खेळाडू मोजणारा माणूस कोण, हा प्रश्न त्यानंतर कोणी हसून टाळत नाही.

शेवटच्या तीन मिनिटांत आघाडी किती हवी?

आठ गुणांची आघाडी म्हणजे एकाच चालीचं अंतर, कारण टचडाऊनचे सहा आणि तीन यार्डांवरून घेतलेले जादा दोन. शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक खेळानंतर घड्याळ थांबतं, आणि पुढे असलेल्या संघाकडे वेळ खायला दोनच डाऊन असतात. गुडघे टेकून सामना संपवता येत नाही. एखादा पहिला डाऊन (दहा यार्ड काढून नव्याने सुरुवात) कमवावाच लागतो. म्हणूनच पुढे असलेला धावता ऑफेन्स हा सगळ्यात चांगला डिफेन्स ठरतो, तोही फक्त याच तीन मिनिटांत.

बरोबरी झाली तर दोन्ही संघांना समोरच्याच्या ३५ व्या यार्डावरून एकेक संधी मिळते, आणि टचडाऊननंतर दोन गुणांचा प्रयत्न सक्तीचा. इथे पंटर घरी, वारा गौण. गोलरेषेजवळ कडक असलेला डिफेन्स असेल तर त्याच्याकडे झुकतं माप द्या.

नवे नियम आल्यावर ही पद्धत चालेल का?

सप्टेंबर २०२५ मध्ये लीगने टप्प्याटप्प्याने बदल जाहीर केले. पहिल्या टप्प्यात, २०२६ पासून, खेळ संपताच आपोआप सुरू होणारं ३५ सेकंदांचं घड्याळ आणि हुकलेल्या किकवर मिळणाऱ्या एका गुणाच्या नियमात बदल. दुसऱ्या टप्प्यात, २०२७ पासून, १०० यार्डांचं मैदान, १५ यार्डांचे एंड झोन आणि खांब एंड झोनच्या मागे. तीन डाऊन, १२ खेळाडू आणि एक यार्डाचं अंतर तसंच. दुसऱ्या डाऊनचा तक्ता म्हणून कामाचा राहील. खांब मागे गेल्यावर मात्र त्याच जागेवरून मारलेला फील्ड गोल १५ यार्डांनी लांबेल, त्यामुळे समोरच्याच्या ३५ ते ४० यार्डांच्या पट्ट्यात तिसऱ्या डाऊनवर कोण काय करतं याचे जुने आकडे टाकून द्यावे लागतील.

भारतातून बघायचं तर किती वाजता उठायचं?

सामना कॅनडाच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार रविवारी संध्याकाळी सहाला सुरू होत असेल, तर भारतात सोमवारी पहाटे साडेचार. टोरंटोतल्या नातेवाइकांना फोन करायचा असेल तर साडेदहा तासांचा फरक धरा. कॅल्गरी किंवा एडमंटनला असतील तर साडेबारा. सुरुवातीचे खेळाडू आणि बदल त्याआधी जाहीर झालेले असतात, तेव्हा जागांची अदलाबदल रविवारी झोपण्यापूर्वीच तपासून ठेवा.